मोजणावळ

माझे धाकटे दीर आयुष्यभर बँकेत रोखपाल होते, आणि बँकेत पैसे येऊ नयेत यासाठी त्यांनी जितके कष्ट घेतले तितके दुसऱ्या कुठल्याही कामासाठी घेतले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरनं भाषणात त्यांना शाखेचा आधारस्तंभ म्हटलं. उपमा बरोबर होती. खांब जागचा हलत नाही, आणि त्याच्यापुढे कितीही वेळ उभं राहिलं तरी आपलं काम होत नाही.

भाऊजी माझ्याच घरात, मागच्या खोलीत राहतात. माझे यजमान होते तेव्हाही राहत होते, ते गेल्यावरही राहिले. लग्न केलं नाही. स्थळं यायची, भाऊजी मुलगी पाहून यायचे आणि 'उद्या कळवतो' म्हणायचे. त्या मुलींची लग्नं झाली, मुलींना मुली झाल्या, पण भाऊजींचा उद्या काही उजाडला नाही. बँकेतही तोच खाक्या. म्हणून सगळी पेठ त्यांना उद्यासाहेब म्हणायची. त्यांना हे ठाऊक होतं. त्यातल्या 'साहेब'वर ते खूशही असावेत.

त्यांच्या खिडकीत तीन वस्तू असत: ओला स्पंज, शिक्का आणि घडी केलेला रुमाल. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत एक सिस्टर मुलींच्या रुमालांच्या घड्या तपासायच्या. त्या भाऊजींवर प्रसन्न झाल्या असत्या. दुसरं कोणी झालं असेल असं वाटत नाही. नोटांवर मात्र त्यांचा जीव. दुमडलेला कोपरा नखानं उलगडतील, सगळ्या नोटांची तोंडं एका दिशेला करतील. पण कोणी नाणी पुढे केली की कपाळाला आठ्या. 'चिल्लर' हा शब्द ते असा काही उच्चारायचे की तो नाण्यांना आणि नाणी आणणाऱ्याला एकदमच लागावा. नाणं कधी बोटानं उचलत नसत. पेनाच्या टोकानं ढकलत.

नाण्यांसाठी बँकेनं वेगळी पाटी लावली होती. नाणी फक्त मंगळवारी, तीही अकराच्या आत. सुट्टी चालणार नाहीत. बँकेच्या छापील कागदात सुरळ्या करून आणायची. तो कागद बँकच विकत द्यायची. प्रत्येक सुरळीवर खातं नंबर लिहायचा. एवढं सगळं करून माणूस खिडकीशी आला की भाऊजी सुरळ्या फाडून नाणी यंत्रात ओतायचे आणि मोजणी शुल्क कापून घ्यायचे.

"फाडायच्याच असतात तर सुरळ्या करायला का लावता?" मी एकदा जेवताना विचारलं होतं.

"लोकांना शिस्त लागते, वहिनी," भाऊजी म्हणाले, आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

आमच्या घरापासून बस स्टँड जवळ आहे. तिथला सार्वजनिक संडास एक बाई चालवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणत असे, जरी त्या माझ्याहून लहान होत्या. नवरा तिथेच सफाईला होता. तो वारल्यावर त्यांनी पालिकेकडून ठेका घेतला. दारात स्टूल, पुढे पत्र्याचा डबा, पाठीमागे फिनेलचा वास. डब्यात नाणं टाकून लोक आत जात. मी बाजारातून येताना जड पिशवी त्यांच्या स्टुलापाशी ठेवून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन येत असे. स्टँडवर इतकी स्वच्छ दुसरी जागा नव्हती, आणि यात बाकीच्या स्टँडची निंदा मी मुद्दामच करते आहे.

ठेका वर्षाचा असे. दरवर्षी ठरलेल्या तारखेच्या आत पालिकेत अनामत भरायची, आणि ती बँकेच्या ड्राफ्टनंच. रोख तिथे घेत नसत. तारीख चुकली की ठेका दुसऱ्याला. पूर्वी मावशींची नाणी आजूबाजूचे दुकानदार हौसेनं घेत आणि बदल्यात नोटा देत. पण हल्ली लोक दुकानात फोन दाखवून पैसे देतात, त्यामुळे दुकानदारांना सुट्ट्यांची गरज उरली नाही. संडासात मात्र कोणी फोन काढायला थांबत नाही. त्या वर्षी सगळी अनामत मावशींच्या डब्यांतच साठली, आणि ती घेऊन त्यांना भाऊजींच्या खिडकीशी जावं लागलं.

पहिल्या मंगळवारी भाऊजींनी एक सुरळी फाडली, नाक रुमालात धरलं आणि विचारलं, ही कुठून आणली. मावशी म्हणाल्या, साहेब, तुमच्यासारखे चांगले लोकच देऊन जातात. मागे रांगेत कोणीतरी हसलं. भाऊजींना हसणं सहन होत नाही. त्यांनी सगळ्या सुरळ्या परत ढकलल्या आणि सांगितलं, नाणी धुऊन आणा. असा नियम पाटीवर नव्हता. तो त्यांनी तिथल्या तिथे जन्माला घातला. आयुष्यात त्यांनी जन्माला घातलेली ती एकच गोष्ट.

पुढचा मंगळवार म्हणजे अनामतीची शेवटची तारीख. मावशी घाबरून माझ्याकडे आल्या. तुम्ही त्यांच्या वहिनी, एक शब्द टाका, म्हणाल्या. मी टाकला. भाऊजींनी घास चावून गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले की नियम तो नियम, तो घरच्यांच्या ओळखीपाळखीवर वाकत नाही. कुठला नियम, मी विचारलं. त्यावर ते हात धुवायला उठले.

मग मीही ठरवलं. मावशींना सोमवारी डबे घेऊन घरीच बोलावलं. बादलीत साबणाचं पाणी केलं, नाणी धुतली आणि जेवणाच्या टेबलावर जुने टॉवेल पसरून त्यांवर वाळत घातली. भाऊजी संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या ताटाच्या जागी पाचची नाणी होती आणि पाण्याच्या तांब्याच्या जागी दोनची. दाराशी थबकले.

"मी जेवायचं कुठे?"

"ओट्यापाशी. उभ्यानं. धुतलेली आहेत, घाबरू नका."

ते ओट्यापाशी उभे राहून जेवले. मावशी मान खाली घालून सुरळ्या वळत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. रडत होत्या की हसत, ते मी पाहिलं नाही.

पण इथेच आमचं चुकलं. हवा दमट होती. वरून कोरडी दिसणारी नाणी एकमेकांना चिकटून आत ओलीच राहिली होती, आणि आम्ही ती तशीच त्या पातळ कागदात घट्ट वळली. मंगळवारी मी मावशींबरोबर बँकेत गेले. पिशवी खिडकीवर उपडी केली तेव्हा सुरळ्या फुगून मऊ पडल्या होत्या. पहिली भाऊजींच्या पेनाचं टोक लागताच फुटली आणि नाणी फरशीभर पळाली. बँकेतल्या सगळ्यांनी खुर्चीवर पाय वर घेतले, जणू उंदीर सुटले होते. एकही जण उचलायला वाकला नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या टेबलांखाली रांगत होतो आणि भाऊजी वरून सांगत होते, ओला कागद स्वीकारता येत नाही.

मॅनेजर बाहेर आला. नुकतंच मिसरूड फुटलेला, गळ्यात ओळखपत्र, तोंडात गोड बोलणं. आजी, आता कोण नाणी वापरतं, म्हणाला. मावशींना त्यानं फोनवरून पैसे घेण्याचं एक पत्रक दिलं, आणि मोठ्या उपकाराच्या आवाजात भाऊजींना सांगितलं की घ्या, जादा शुल्क लावून घ्या. मोजणीचं वेगळं, वर्गवारीचं वेगळं.

भाऊजींनी घेतलं. आज्ञा पाळण्यात ते कधी कमी पडले नाहीत. पण यंत्र सुरू केलं नाही. ओल्या नाण्यांनी यंत्र बिघडेल म्हणाले आणि हातानं मोजायला बसले. पेनाच्या टोकानं, एकेक. मध्ये चहा झाला. मध्ये जेवणाची सुट्टी झाली. माझ्याच हातचा डबा त्यांनी माझ्यासमोर काचेआड खाल्ला. आम्ही बाकावर बसून होतो. मावशी घड्याळाकडे बघत नव्हत्या, भाऊजींच्या पेनाकडे बघत होत्या.

शेवटी पावती आली. शुल्क वजा जाता अनामतीला थोडीशीच रक्कम कमी पडत होती. ती मी पाकिटातून काढून खिडकीत सरकवली. नोटा होत्या, म्हणून पटकन घेतल्या गेल्या. मावशींनी ड्राफ्टचा अर्ज पुढे केला. भाऊजींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

"ड्राफ्ट दोन वाजेपर्यंतच. आता दोन वाजून गेले."

"साहेब, तुम्हीच मोजत होतात ना दोनपर्यंत," मावशी म्हणाल्या.

"उद्या या."

"उद्या येऊन काय करू?"

भाऊजींनी खिडकी लावून घेतली. मी मॅनेजरच्या दारावर थाप मारली. तो सभेला गेला होता. तशाच पालिकेत गेलो. तिथल्या कारकुनानं आम्हाला बसायला खुर्ची दिली आणि ड्राफ्टविना कागद घेता येत नाही असं सांगितलं. ठेका एका कंपनीला गेला.

त्या रात्री मी भाऊजींना ताट वाढलं. वाढलं नसतं तर त्यांना वाटलं असतं की मी रागावले आहे. रागवायला समोर माणूस लागतो.

कंपनीनं स्टँडवर स्टूल आणि डबा काढून लोखंडी फिरतं फाटक बसवलं. दोनचं नाणं टाकलं की ते एका माणसापुरतं फिरतं. नोट घेत नाही, फोन ओळखत नाही, विनवण्या ऐकत नाही. बँकेतून आणल्यासारखंच.

मावशी दुसऱ्या आठवड्यात बँकेत गेल्या आणि खातं बंद करायचं म्हणाल्या. पैसे दोनच्या नाण्यांत द्या, म्हणाल्या. भाऊजींना इतका आनंद झालेला त्यांच्या सहकाऱ्यांनी कधी पाहिला नव्हता म्हणे. एकही शुल्क न लावता, शिपायाला सांगून त्यांनी पिशव्या दारापर्यंत पोचवल्या. बला टळली, असं घरी येऊन मला सांगितलं.

त्या पिशव्या घेऊन मावशी आता फाटकाशेजारी बसतात. दहाची नोट दिली की दोनची चार नाणी देतात. घाई असलेला माणूस वाद घालत नाही. कंपनीचा माणूस फाटकाची पेटी रिकामी करतो, पण बँकेच्या पायऱ्या चढत नाही. मंगळवार, कागद, शुल्क, त्याला सगळं ठाऊक आहे. तो नाणी मावशींनाच देतो आणि शंभराच्या नाण्यांचे नव्वद घेऊन खुशीनं जातो. मावशींना ठेक्यात कधी सुटला नाही इतका पैसा आता सुटतो. संडास मात्र घाण असतो.

आणि भाऊजी निवृत्त झाले. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं आहे, आणि त्यांच्या वयाच्या पुरुषांची जी तक्रार असते ती त्यांना आहे. स्टँडपर्यंत जाऊन वळायचं म्हटलं तरी वाटेत थांबावं लागतं. खिशात कोऱ्या नोटा असतात. नाणं ते अजून बाळगत नाहीत. खिसा ओघळतो म्हणतात.

परवा लालबुंद होऊन घरी आले.

"दिवसाढवळ्या लूट आहे, वहिनी. दहाची नोट दिली, आठ हातावर ठेवले. वर मागे रांग बघून म्हणते, साहेब, नोटेचा कोपरा दुमडलाय, उलगडून द्या. मी उलगडत बसलो."

"दोन कशाचे कापले, विचारलं नाहीत?"

भाऊजींनी रुमालाची घडी नीट केली. "मोजणावळ म्हणाली."

मी शेंगा निवडत होते, त्या निवडत राहिले. ते नियमबाह्य आहे, पालिकेत तक्रार करायला हवी, असं भाऊजी बराच वेळ बोलले. मी म्हटलं, करा. उद्या करतो, म्हणाले.

हल्ली फिरायला निघताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि काही मागत नाहीत. मी भाजीच्या पाकिटातून दोनचं एक नाणं काढून टेबलाच्या कडेला ठेवते. एकच. येताना लागलं तर तिथे मावशी आहेत. ते नाणं भाऊजी बोटानं उचलतात, मुठीत घट्ट धरतात आणि जरा भराभर चालत जातात.