अगं, पत्र आलंय

तेराव्यानंतरची दुपार. पाहुणे पांगले होते, मुलगा पुण्याला परत गेला होता आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. एकट्या जिवाला एवढे मटार कशाला घेतले, म्हणून स्वतःवरच चिडले होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "अगं, ऐकलंस का? पत्र आलंय."

"आले हो," मी म्हटलं. पदराला हात पुसत उठलेही. खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. भिंतीवर ह्यांचा फोटो होता, त्याला ताजा हार होता, आणि खोलीत कुणीही नव्हतं.

मी भुताखेतांना भिणारी बाई नव्हे. माहेरी झाशीला आमच्या घरामागेच स्मशान होतं, लहानपणी तिथल्या चिंचा पाडून खाल्ल्यात मी. पण त्या दुपारी मी दाराची चौकट धरूनच आत डोकावले. टेबलावर ह्यांचं मॅकिंटॉश, म्हणजे जुना कॉम्प्युटर, सुरूच राहिलं होतं. आजारपणात, दवाखान्यात, अंत्यविधीच्या गडबडीत ते बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं पाकीट लुकलुकत होतं. जवळ जाऊन बघितलं तर कुठल्याशा कंपनीने ह्यांना केस गळू नयेत म्हणून तेल घ्या, असं कळवलं होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्यांची मेल्यावरही गेली नाही. मी तिथेच खुर्चीत बसले आणि हसू आलं, आणि मग हसता हसता जे रडू फुटलं ते तेरा दिवसांत आलं नव्हतं.

त्या यंत्राला मी सवत म्हणायचे. दाल बाजारात ह्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. देवनागरी अक्षर मॅकवर जसं सुबक उमटतं तसं दुसरीकडे नाही, असा ह्यांचा हट्ट. पुढे लोक पत्रिका फोनवरच पाठवायला लागले आणि दुकान बंद झालं. बाकी सगळं भंगारात गेलं, एक हे मॅक तेवढं ऑटोत मांडीवर घेऊन घरी आले. दारात मी विचारलं, "औक्षण करू का सवतीचं?" तर म्हणतात कसे, "आधी जागा कर, वजन आहे तिला."

मग निवृत्त माणसाला दुसरं काय काम! शेअरवेअर गोळा करायचा नादच लागला. म्हणजे परदेशात कुणीतरी घरी बसून लिहिलेले छोटे छोटे प्रोग्राम. आधी वापरून बघा, पसंत पडला तर पैसे पाठवून नोंदणी करा. हे त्यांना 'उमेदवार' म्हणायचे. छापखान्यात नवा माणूस आधी उमेदवारीवर ठेवतात ना, तसे. जुन्या मॅकला नवं इंटरनेट झेपत नसे, म्हणून हे उमेदवार त्याच्या हाताशी. एक उमेदवार टेलिफोनची लाईन लागेपर्यंत नंबर फिरवत राहायचा. एक, मध्येच तुटलेलं काम तुटलं तिथून पुढे उचलायचा. एकाचं काम फक्त वेळ विचारून आणायचं, कारण यंत्राच्या पोटातली बॅटरी मेलेली होती आणि रोज उघडलं की ते १९०४ साल आहे असं धरून चालायचं. १९०४! तेव्हा माझे सासरेही जन्मले नव्हते.

एका उमेदवाराच्या धन्याला तर पैसेही नको होते. तुमच्या गावाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड पाठवा, एवढंच. ह्यांनी आमच्या गावच्या किल्ल्याचं पाठवलं, त्याच्या भिंतीवर निळ्या बदकांची नक्षी आहे, तिचं.

"त्याला काय कळणार निळी बदकं?" मी म्हटलं.

"बदकं सगळीकडे असतात," हे म्हणाले.

पत्रं तपासणारा उमेदवार मात्र पैसेवाला होता, आणि परदेशात पैसे पाठवायचे कसे हे पडाव भागातल्या आमच्या इंटरनेटवाल्यालाही सांगता येईना. त्यामुळे तो बिचारा जन्मभर उमेदवारच राहिला. यंत्र उघडलं की त्याची खिडकी यायची, ह्यांना नावाने नमस्कार करायची आणि विचारायची, अजून विचारच करताय? खाली दोन बटणं. एक 'नोंदणी करा', दुसरं 'अजून नाही'. हे रोज दुसरं दाबायचे. त्याची शिक्षा म्हणून काही आठवड्यांनी त्याने सेटिंगचं दार लावून घेतलं. तोवर जे ठरवलं असेल ते ठरलं, पुढे त्यात बदल नाही, उघडून बघणंही नाही. पण त्या आठवड्यांत ह्यांनी आपला कारभार उरकला होता. कुणाचं पत्र आलं तर कुठला आवाज वाजवायचा, हे त्यात ठरवता यायचं. तर स्वतःच्याच आवाजात भरून ठेवलं. मुलाचं पत्र आलं की "चिरंजीवांची स्वारी!" जुन्या गिऱ्हाइकाचं आलं की "दुकान उघडा." आणि परक्या कुणाचं आलं तर ते "अगं, ऐकलंस का?"

मलाही एक ईमेलचा पत्ता काढून दिला होता. "तुझ्यासाठीही ठेवलंय काहीतरी," म्हणाले, "पाठवून बघ एकदा."

"इश्श! स्वयंपाकघरातून खोलीत कशाला पत्र? तोंड नाही का मला?"

"ते आहे, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

तिथेच तो विषय संपला. समोर बसलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? आणि ह्यांनी ठेवलेलं असणार ते दुसरं 'अगं'च, असं मी धरून चालले. आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारत नसत. मी 'अहो', ते 'अगं'. आणि नाव तरी माझं कुठलं घ्यायचं? लग्नात सासूबाईंनी ठरवलेलं नाव ह्यांनी अंगठीने तांदळात लिहिलं, आणि झाशीचं नाव झाशीलाच राहिलं. मी एकुलती एक. मुलगा बोलायला लागायच्या आत आईवडील दोघेही गेले आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. आमची लग्नपत्रिका ह्यांनीच छापायला जुळवली होती, शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून हाताने लावायचे दिवस होते ते. त्यामुळे झाशीच्या त्या नावाची ह्यांच्या बोटांना ओळख होती, जिभेला नव्हती. मीही कधी त्याचं दुःख केलं नाही. सगळ्याच बायकांचं होतं ते.

तर ह्यांच्यानंतर मी यंत्र बंद करायचं नाव घेतलं नाही. मुलगा फोनवर रागवायचा, "आई, बंद कर ना ते. क्यों परेशान होती हो?" त्याला काय सांगणार? दिवसातून एखाददा कुणीतरी मेला लॉटरीवाला नाहीतर तेलवाला पत्र पाठवायचा आणि आतून हाक यायची. प्रत्येक वेळी मी दचकायचे, आणि प्रत्येक वेळी मी "आले हो" म्हणायचे. भाजी फोडणीला टाकताना हात आखडता घ्यायचे, चुर्र आवाजात हाक बुडू नये म्हणून. शेजारीण एकदा साखर मागायला आली असताना हाक आली. बाई पांढरीफटक पडली. त्यानंतर साखर दुसरीकडून आणते.

बत्ती गुल झाली की यंत्र पुन्हा लावावं लागे. ती खिडकी यायची, ह्यांना नमस्कार करायची, अजून विचारच करताय? मी ह्यांच्या वतीने 'अजून नाही' दाबायचे.  आपण काही दुसरं दाबलं तर हे खरंच जातील, असं वाटायचं.

मग उन्हाळ्यात आवाज थांबला.

आधी वाटलं, पत्रं आली नसतील. मग कळलं की पडावच्या इंटरनेटवाल्याने जुने पत्ते बंद केले, आता कुणाचंच पत्र तिथे येणार नाही. यंत्र नुसतं घुरघुरत राहिलं. घर इतकं गप्प झालं की मीच मधून मधून भांडं आपटायचे. हाक यायची तेव्हा भीती वाटायची, आता न येण्याची जास्त वाटायला लागली. आणि एका सकाळी दूध तापवताना लक्षात आलं की ह्यांचा आवाज मला आठवत नाहीये. शब्द आठवत होते, आवाज नाही. आपला माणूस असा आतून पुसला जातो? मी गॅस बंद करून मुलाला फोन लावला. "तू ये. काय वाट्टेल ते कर, मला तो आवाज परत पाहिजे."

कारण दुसरीकडे तो कुठेच नव्हता. लग्नामुंजींच्या व्हिडिओत हे नेहमी मागे उभे. फोनवर बोलणं म्हणजे "हां, ठीक" आणि कट.

दिवाळीच्या आधी मुलगा आला. आल्या आल्या यंत्राला कान लावून बसला. आतून कट कट असा आवाज येत होता. "आई, डिस्क जाती दिसतेय," म्हणाला. "मी सगळं कॉपी करून घ्यायचा ट्राय करतो, पण कदाचित एक-दोनदाच चालेल." सेटिंगचं दार लावलेलं. उमेदवाराच्या धन्याला नोंदणीचे पैसे द्यावेत म्हणून शोधलं तर त्याचं पानच नाहीसं झालेलं, माणूस आहे की तोही गेला, देव जाणे. फायली उपसून बघितल्या तर आवाज कुठल्या कप्प्यात कोंबलेत ते सापडेना. डिस्क तेवढ्यात दोनदा अडकली. मी म्हटलं, "हात नको लावूस आणखी, मारशील त्याला."

"म्हणजे एकच रस्ता आहे," तो म्हणाला. "पत्र यायला पाहिजे."

त्याने आपला लॅपटॉप वायरने जोडला आणि त्यालाच पोस्ट ऑफिस केलं. जुन्या यंत्राला वाटावं की पडावचंच आहे. "आता पोस्टमास्तर मीच. कुणाच्याही नावाने पत्र टाकता येतं." आधी स्वतःच्या नावाने टाकलं. फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला.  डिस्क कुरकुरली, पाकीट लुकलुकलं.

"चिरंजीवांची स्वारी!"

तोच खवचट, लाडिक सूर. माझा चाळिशीतला, टक्कल पडत चाललेला मुलगा टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण खरं सांगते, माझं लक्ष यंत्राकडे होतं. मला माझी हाक हवी होती आणि आतली कट कट वाढत होती.

"लवकर कर," मी म्हटलं.

"करतो. कुणाच्या नावाने टाकू? कुणीही परकं चालेल." मग डोळे पुसत म्हणाला, "बाबांनी तुला पत्ता काढून दिला होता ना? तुझ्याच नावाने टाकतो. काय लिहू?"

 मी रोज दुपारी घरभर ओरडायचे तेच सांगितलं. "लिही, जेवायला चला, पानं वाढलीत."

त्याने टाकलं. यंत्र बराच वेळ विचार करत राहिलं. कट कट, मग शांत, मग पुन्हा कट. मी मनात म्हणत होते, अगं म्हणा, ऐकलंस का म्हणा, काहीही म्हणा. पाकीट लुकलुकलं.

'अगं' आलं नाही. खाकरल्याचा आवाज आला, घसा साफ करून ठेवावा तसा. मग हलक्या आवाजात, दाराआड कुणी ऐकेल की काय अशा बेताने, एकच शब्द आला. अंगठीने तांदळात लिहिलेला नव्हे. पत्रिकेत खिळे लावून जुळवलेला. पहिलं अक्षर लांबवून, झाशीला माझे वडील म्हणायचे तसा. वडिलांना हाक मारताना ह्यांनी कधी ऐकलं असेल, कुणास ठाऊक. आणि मग इतकी वर्षं तो आवाज त्या डब्यात बसून होता, माझ्या एका पत्राची वाट बघत.

पडदा थरथरला आणि काळा झाला. मुलाने बटणं दाबून पाहिली, वायर हलवली, मग फोन उचलून रेकॉर्डिंग आलंय का ते पाहिलं. आलं होतं. पुन्हा ऐकलं, आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"आई, चुकीचा वाजला बहुतेक. ही कोण आहे? बाबा कुणाला हाक मारतायत?"

"मला," मी म्हटलं.