वालाच्या शेतात सोडलेलं पाणी

रोह्याजवळच्या त्या मातीच्या छोट्या धरणाचा गुन्हा मी अजून विसरलेले नाही. तेव्हा माझी नेमणूक रोह्याच्या पोलीस ठाण्यात होती. हिवाळ्यातल्या एका सकाळी धरणाखालच्या गावातून पोलीस पाटलांचा फोन आला.

"म्याडम, बांधातून पाणी येतंय. नि गढूळ हाय."

बाळांनो, मातीच्या धरणातून थोडं स्वच्छ पाणी झिरपतंच. गढूळ आलं, की आतली माती वाहून चालली असं समजायचं. आम्ही पोचलो तेव्हा अभियंत्यांनी दरवाजा उघडून तलावातलं पाणी उतरवायला घेतलं होतं. आम्ही खालची वाडी शाळेत हलवली.

पंचनाम्यात बांधाच्या ओलसर उतारावर पहारीने पाडलेलं भोक सापडलं. तिथून चर खणून पाणी एका बाईच्या वालाच्या शेतात सोडलं होतं. पाणी तिच्या शेतात, म्हणजे चोर तीच, असं गाव म्हणू लागलं. सगळ्यांत मोठा आवाज तिच्या धाकट्या जावेचा.

"हावरट हाय ती! तिनंच फोडलान बांध!"

माझं माहेर पेणजवळचं जोहे, वालाची शेती लहानपणापासून पाहिलेली. वाल हा भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाढतो. त्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो. स्वतःच्या वालात कुणी पाणी सोडत नाही.

मी धाकटीला ठाण्यात बोलावलं, महिला शिपायाला शेजारी बसवलं, चहा दिला.

"वालाला पाणी कोण देतं गो?"

"घुशींनी पोखरलं असंल."

"मघाशी तर जावेनं फोडलान म्हणालीस. आणि घुशी चर खणतात?"

ती एकदम उसळली, "लगीन करून आले तवापासून ऐकतेय! पाव्हणे आले, हिच्या वालाचं बिरडं. बारसं असलं, हिच्या वालाचं बिरडं. माझा नवरापण तिच्याच घरी बोटं चाटतो! माझे वाल काय दगड व्हते?"

पहार धाकटीच्याच गोठ्यात मिळाली. गुन्हा नोंदवताना मी म्हटलं, "अगो, बांध फुटला असता तर पहिलं घर तुझं गेलं असतं. पोरं घरात होती तुझी."

तिने मान खाली घातली. बराच वेळ रडली. पदराने नाक पुसून हळूच विचारलं, "तिचे वाल कुजले का वो, म्याडम?"

गुन्ह्यात फायदा कुणाचा झाला ते आधी शोधा, असं आम्हाला शिकवलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी आणखी एक गोष्ट शोधत राहिले: इथे कुणाचं कौतुक कुणाला सोसत नव्हतं?