पाय पळतात, आजोबा

ब्राउनश्वाइगला एका दातांच्या लॅबमध्ये वीणा आपटे कवळ्या आणि कॅप बनवायची. हात स्थिर, नजर बारीक, चिकाटी दांडगी. अवघड कामं मालक तिच्याच टेबलावर आणून ठेवत. ही चिकाटी घरी पोचेपर्यंत कुठे जाते, हे तिचं तिलाच कळत नसे.

घरी तिची आठ वर्षांची मुलगी होती, ईप्सिता. ही पोरगी जेवता जेवता उठायची. एक मोजा घालून दुसरा शोधायला जायची आणि बाल्कनीत कबुतरांशी बोलताना सापडायची. गणिताची वही उघडली की दोन उदाहरणांत खुर्ची रिकामी. वीणानं समजावून पाहिलं, टीव्ही बंद करून पाहिला, ओरडून पाहिलं, एकदा हातही उगारला. "मनात आणलंस तर बसशील तू!" हे तर रोजचंच होतं. मराठी सगळं समजत असूनही ईप्सिता उत्तर जर्मनमध्येच द्यायची, "इश कान निश्ट, ममा." नाही जमत मला. वीणाला तो निव्वळ हट्ट वाटायचा. देवदत्त, तिचा नवरा, सकाळच्या गाडीनं वोल्फ्सबुर्गला कामाला जायचा, दमून परत यायचा आणि म्हणायचा, "मोठी झाली की होईल शांत."

२००७च्या वसंतात वर्गशिक्षिकेनं वीणाला बोलावून घेतलं.

"फ्राऊ आपटे, ईप्सिता मागे पडतेय. तिच्यासाठी मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळेचा विचार करावा लागेल."

आपण जर्मन चुकीचं ऐकलं असं वीणाला वाटलं. "म्हणजे तिच्या डोक्यात काही कमी आहे?"

"तसं मी म्हणणार नाही. आधी बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

वीणा ट्राममध्ये बसली आणि आपला स्टॉप कधी मागे गेला हे तिला कळलंच नाही. डॉक्टरांची वेळ मिळाली ती थेट शाळेच्या उन्हाळी सुट्टीनंतरची.

मधल्या दिवसांत साताऱ्याहून तिचे सासरे आले. वासुदेवराव, गणिताचे निवृत्त शिक्षक. मुलगा-सून त्यांना दादा म्हणत. त्यांना जर्मन येत नव्हतं, त्यामुळे दुपारी नातीचा अभ्यास ते मराठीत घेत. वीणाला हायसं वाटलं. तेवढ्यापुरतं.

एका दुपारी लॅबमधली वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. किल्लीनं दार उघडलं, आणि बूटही न काढता तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरात ईप्सिता खुर्चीवर बसली होती. दादांचा मफलर तिच्या कमरेभोवती गुंडाळून मागे खुर्चीच्या पाठीला बांधला होता. समोर वही. दादा शेजारी उभे.

वीणा आत धावली.

"दादा! जनावर आहे का ती? आमच्या घरात, आमच्या मुलीला बांधून ठेवता तुम्ही?"

दादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मान खाली घालून ते आपल्या खोलीत गेले. ईप्सिता मोठमोठ्यानं रडायला लागली. देवदत्त घरी आल्यावर वीणानं त्याला स्पष्ट सांगितलं, "त्यांचं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे." तो वडिलांच्या खोलीत गेला, तसाच परत आला. "काही बोलतच नाहीत गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात एक मध्यमवयीन बाई, गळ्यात ओळखपत्र. "लोरेन्झ. युगेंडआम्टकडून आले आहे."

युगेंडआम्ट म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं सरकारी खातं. ते लोक मुलं घरातून उचलून नेतात, अशा गोष्टी तिनं इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या जेवणात कुजबुजत्या आवाजात ऐकल्या होत्या. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं होतं आणि फोन केला होता. देवदत्त भराभर खुलासे करायला लागला, पण फ्राऊ लोरेन्झनी त्याला हातानं थांबवलं. "आधी मी मुलीशी बोलते. एकटीशी."

खोलीचं दार लागलं. बाहेर तिघं एकमेकांकडे न बघता बसून राहिले. आता आपली मुलगी नेतील, एवढं एकच वीणाच्या डोक्यात घणघणत होतं.

दार उघडलं. फ्राऊ लोरेन्झ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बांधायला ईप्सितानंच सांगितलं होतं आजोबांना. आणि कुणाला सांगायचं नाही, असं वचनही घेतलं होतं."

वीणाला काही उमगेना. तिनं दादांकडे वळून ते मराठीत सांगितलं आणि विचारलं, "खरंय हे?"

दादांचे डोळे भरून आले. "पाय पळतात आजोबा, म्हणाली. मी बस म्हणते, ते ऐकत नाहीत. घट्ट बांधा. आई यायच्या आत सगळं झालं ना, की ती हसेल." त्यांनी नाक पुसलं. "गाठ सैलच मारली होती. पण लेकरानं मागितलं तरी द्यायचं नसतं. चूक माझीच."

वीणा सुन्न झाली. इतके दिवस आपण म्हणत होतो, मनात आण. पोरीनं मनात आणलं होतं. इतकं, की स्वतःला बांधून घ्यायला तयार झाली होती. आणि ती हे बोलली होती मराठीत, जी ती आईशी कधी बोलली नव्हती.

कुणी कुणाला नेलं नाही. फ्राऊ लोरेन्झनी बजावलं, हे पुन्हा होता कामा नये. मग स्वतः फोन करून डॉक्टरांची वेळ अलीकडे आणून घेतली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ए डी एच एस, म्हणजे अतिचंचलता. बुद्धी उत्तम आहे. लक्ष आणि हालचाल यांवरचा ताबा तिच्या हातात नाही."

"आमचं काही चुकलं?" वीणानं विचारलं.

"हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही. पण घरी बरंच बदलता येईल."

आठवड्यातून एकदा घरी युगेंडआम्टनं पाठवलेल्या एक मदतनीस बाई यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वीणाला थांबवलं. वीणा स्वयंपाकघरातून ओरडली होती, "दप्तर उचल, हात धू, आणि वही घे!" बाई म्हणाल्या, "तीन कामं, तीही दुसऱ्या खोलीतून. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच सांगा. ते झालं की पुढचं." वीणानं तसं केलं. दप्तर उचललं गेलं. तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आठ वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपल्यालाही सुचलं नव्हतं.

खुर्ची सुटली. ईप्सिता ओट्याशी उभी राहून उदाहरणं सोडवू लागली. एका कागदावर एकच उदाहरण. सुटलं की दोरीच्या उड्या, मग दुसरं. दादांनी जिन्यातले पाढे काढले, पायरीला एक आकडा. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांना 'सात सक बेचाळीस' ऐकायची सवय झाली. काही दिवस सगळंच फिसकटायचं, वीणा ओरडायची, मग जाऊन माफी मागायची. पुढे डॉक्टरांनी गोळीही सुरू केली. देवदत्तला ती पसंत नव्हती, त्यावरून दोघांची भांडणं झाली, शेवटी अर्ध्या मात्रेवर तडजोड झाली.

दादा ठरलेल्या तारखेलाच परत गेले, तिकीट अलीकडचं झालं नाही. विमानतळावर वीणानं वाकून नमस्कार केला. तिला बरंच बोलायचं होतं, पण "दादा, मी त्या दिवशी..." एवढंच जमलं.

"अगं, आई आहेस तू. ओरडली नसतीस तर मला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले.

ईप्सितानं तिसरी पुन्हा केली, पण त्याच शाळेत. वेगळ्या शाळेचं नाव परत कुणी काढलं नाही. दोन वर्षांनी, पालकांना बोलावलेल्या दिवशी, वर्गात तिनं साताऱ्यावर भाषण केलं, सगळा वेळ फळ्यापुढे येरझाऱ्या घालत. शिक्षिकेनं तिला थांबवलं नाही. मागच्या बाकावर बसलेल्या वीणाला पहिल्यांदा कळलं, की चालताना तिची वाक्यं पूर्ण होतात.