यादीत नाव, खिशात झेरॉक्स

मंडळी, आज मी मत न देता बूथवरून परत आलो.

मी दम्मामला एसी दुरुस्तीचं काम करतो. तिथून मत देता येत नाही, गावातच यावं लागतं. म्हणून मतदान धरूनच वालूरला आलो. परदेशातला मतदार म्हणून नाव आधीच ऑनलाइन नोंदवलं होतं.

यादीच्या शेवटच्या पानावर नाव सापडलं, लय बरं वाटलं. बूथवरच्या मतदान अधिकारी साहेबांनी पासपोर्ट मागितला. मी झेरॉक्स दिली.

"ओरिजनल पाहिजे."

ओरिजनल मुंबईत एजंटकडं, नव्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी. मी आधार दाखवलं. बूथवर बसलेले आमच्या गल्लीतले काका म्हणाले, "सायब, लहानपणापासून वळखतो आमी ह्याला."

साहेब म्हणाले, "तुम्ही ओळखून चालत नाही. परदेशातल्या मतदाराला पासपोर्टच लागतो."

बाहेर आई शाई लावलेलं बोट घेऊन थांबली होती. "दिलंस का?"

"न्हाई."

"ऱ्हाऊ दे. पुढच्या टायमाला दे."

पुढच्या वेळी तरी काय? पासपोर्ट माझ्या हातात असेल, तेव्हा मी दम्मामला असेन. गावात असेन, तेव्हा पासपोर्ट एजंटकडं असेल. हे आईला कसं सांगू?

बाहेर कामाला गेलेल्यांनो, तुमच्यातल्या एकानं तरी कधी मत दिलंय का?