गयाबाईंच्या डब्यातलं फडकं

आमच्या इतिहास विभागात नागसेन सरांचा जर्मन स्थलांतरितांवरचा तास व्हरांड्यातही ऐकू यायचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांसाठी इतक्या पोटतिडकीने भांडणारा प्राध्यापक मी लखनौत दुसरा पाहिला नाही. आम्ही सहकारी चेष्टा करायचो, सरांचं आजोळ बर्लिनला आहे म्हणून.

तिथल्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांत दोन पंथ. लूथरपंथी म्हणायचे, प्रार्थनेतल्या भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो. सुधारित पंथातले बरेचजण म्हणायचे, ती नुसती आठवण. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने १८१७ साली दोघांना एका चर्चमध्ये बसवलं, पुढे प्रार्थनेचं पुस्तकही एकच लादलं. जुन्या वळणाचे लूथरपंथी लपूनछपून प्रार्थना करू लागले, त्यांचे पाद्री तुरुंगात गेले, आणि कित्येक कुटुंबं घरदार विकून अमेरिकेला निघून गेली.

"क्या बिगड़ता राजा का?" सर टेबलावर हात आपटायचे.

विकास नगरच्या स्वतःच्या घरात मात्र राजा सरच होते. त्यांच्या आई गयाबाई मूळच्या वर्ध्याच्या. दीक्षा घेतलेल्या, रोज वंदना म्हणणाऱ्या. २००६ साली सरांना त्यांच्या डाळीच्या डब्यात, फडक्यात बांधलेला देवीचा टाक सापडला. सरांचं डोकंच फिरलं.

"बाबासाहेबांनी काय सांगितलं, विसरलीस?"

"पुजत नाही रे मी. माह्या मायची आठवण हाय."

सरांनी फडकं सोडून त्यांच्यासमोर टाकलं आणि टाक त्याच दिवशी गोमतीत सोडून आले. रात्री गयाबाईंनी रोजच्यासारखं वरण-भात वाढला. भांडली असती तर बरं झालं असतं, असं सर पुढे कितीदा तरी म्हणायचे.

२०११च्या थंडीत गयाबाई गेल्या. स्वयंपाकघर आवरताना डाळीच्या तळाशी तेच फडकं निघालं, घट्ट गाठ मारलेलं. सरांनी गाठ सोडली. आत काही नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच तासाला अंतरा नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, लेकिन राजा तो भला ही चाहता था न?"

सरांनी खडू खाली ठेवला. "हाँ. भला ही चाहता था," एवढं म्हणाले आणि तास अर्धवट टाकून बाहेर आले.

व्हरांड्यात मी होतो. माझ्याकडे न बघता सर म्हणाले, "पाच वर्षं मी त्याच डब्यातल्या डाळीचं वरण खाल्लं रे. रोज आईच वाढायची."