अल्पेशने साफ केलेलं पान

रेवदंड्याच्या अल्पेशला झाडाकडे नुसतं बघणं जमत नसे. आपले ट्रक पगारी चालकांच्या हवाली करून मोकळा झालेला हा गडी सकाळी आईच्या वाडीत ओणवा होऊन पानाला फोन भिडवी आणि दुपारी झोपाळ्यावर बसून त्या पानाचं नशीब उजळी. मागचं सगळं धूसर करायचं, सावलीत थोडा उजेड सोडायचा, कडा धारदार करायच्या, नव्हतं तिथे ऊन आणायचं. "आता कशी खोली आली!" म्हणत तो फोटो ग्रुपवर टाकी. अळूचं पान आणि विड्याचं पान तोंडात घातल्याशिवाय ओळखू न शकणारे तिथले रसिक लगेच ‘अप्रतिम’ म्हणत. बायको अमिषा एकदा म्हणाली, "माझाही काढा की असा एक." तो म्हणाला, "तू हलतेस."

यंदा पाऊस रेंगाळला आणि पानवेलींवर तांबूस डाग दिसू लागले. आई, नीराबाई, हातातलं काम टाकून आली.

"अल्पेश, त्या शेतीवाल्या सायबांना फोटू धाड. दवा काय मारायची इचार."

त्याने फोटो काढला. तसाच पाठवला असता तर प्रश्न मिटला असता. पण असला चपटा, मळकट फोटो आपल्या हातून बाहेर जावा, हे त्याला सोसेना. त्याने उजेड वाढवला, मागचा बांबू पुसट केला. मग मधोमध ते डागच डोळ्यांत खुपू लागले. बोट फिरवलं, गेले.

साहेबांचं उत्तर आलं, "पान निरोगी आहे. काही फवारू नका."

पंधरवड्यात निम्म्या वेली काळ्या पडल्या. नीराबाईने साहेबांना वाडीतच बोलावून घेतलं. त्यांनी फोनवरचा तो फोटो तिच्यापुढे धरला.

"ह्ये माज्या वाडीतलं न्हाय," ती म्हणाली.

"तुझंच हाय, आये," अल्पेश पुटपुटला. "फक्त जरा साफ केलं."

"आन् डाग?"

"ते... बरे दिसत नव्हते."

साहेब सुपारीचे शेंडे न्याहाळू लागले. त्यांनी औषध लिहून दिलं आणि काढता पाय घेतला. नीराबाईने कोयत्याने सडक्या वेली कापल्या आणि भारे लेकाच्या अंगावर टाकले. तो ते वाहत राहिला. शरमेने त्याचे कान तापले होते, आणि ही शरम अगदी खरी होती.

संध्याकाळी ढीग पेटवला. धुरातून तिरपं ऊन उतरलं आणि एका करपल्या पानाची कड सोन्यासारखी झळकली. अल्पेशचा हात खिशात गेला.

"आये," तो हळूच म्हणाला, "जरा बाजूला सरतेस? तुझी सावली पडतेय."

उरलेल्या वेली औषधाने वाचल्या. आता नीराबाई स्वतःच फोटो पाठवते. अर्ध्या फोटोत तिचा अंगठा असतो, पण साहेबांना रोग ओळखू येतो. अल्पेशचं मत विचाराल तर त्या फोटोंना खोली नाही.