आमचं ओ निगेटिव्ह

लोणावळ्यात मी एकटी राहते. मुलगी परदेशी, तिचा फोन रविवारी, तोही घाईत. एरवी फोन यायचा तो तळेगावच्या रक्तपेढीचा. माझं रक्त ओ निगेटिव्ह. मावळात कुठे अशा गटाच्या बाईचं सिझेरियन ठरलं, की पिशवी आधी तयार हवी म्हणून मला बोलावत. खोटं कशाला बोलू, मी त्या फोनची वाट बघायचे. तिथली मुलगी मला मावशी म्हणायची आणि समोर बसून बिस्किटं खायला लावायची.

गेल्या वर्षी तिकोणा पेठेच्या वरच्या वस्तीतल्या बाईसाठी फोन आला. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी होती, रक्त बरंच जाणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं. पेढीत एकच पिशवी होती आणि निदान दोन तरी हव्या होत्या. मी जाऊन बाही वर केली. मुलीने आधार कार्ड पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, पासष्ट पूर्ण झाली की तुमची. आता नाही घेता येत."

"भुशी धरणाच्या पायऱ्या मी अजून न थांबता चढते," मी फणकारले. पण नियमापुढे फणकारा काय कामाचा!

बाकावर त्या बाईचा नवरा बसला होता. "आमच्यात कुनाचंच जुळंना, मावशी. पुन्यातबी इचारलं, तितंबी न्हाई."

या गटाचं आणखी एकच माणूस मला ठाऊक होतं, माझा धाकटा भाऊ. घर पेढीपासून जवळच. पण आई गेल्यावर जागेवरून आमचं वाजलं, मी तोंडाला येईल ते बोलले आणि संबंध तुटले. फोन तो उचलणार नाही, म्हणून त्या गड्याला घेऊन थेट दारात गेले.

दार उघडताच गड्याने हात जोडले. "भाऊ, बायकोचं शिजर हाय. लय रक्त जाईल म्हनत्यात."

भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि आमच्या पुढे चालू लागला.

ती बाई वाचली, बाळही छान आहे, हे आधीच सांगून टाकते. दोन्ही पिशव्या लागल्या.

भाऊ खाटेवर आडवा झाला तेव्हा मी दारातून बघत होते. त्याचे केस पार पिकलेत. लहानपणी सुई पाहिली की तो माझा हात घट्ट धरायचा. आत जावं असं फार वाटलं, पण पाऊल उचललं नाही.

उठल्यावर त्याने मुलीला स्वतःचा नंबर दिला. "पुढच्या वेळी थेट मला फोन करा. मध्ये कुणी नको."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"घे ना लिहून," मी म्हणाले. "त्याचं रक्त अजून पुष्कळ वर्षं चालेल."

त्यानंतर पेढीचा फोन मला आलेला नाही.